विचारा मावशीला : मठाच्या गावाला जाताना

गेल्या अंकात एका वाचकाला पर्थच्या हवेबद्दल सांगता सांगता मी सहज लिहून गेले, की पर्थला जाताना वाट थोडी वाकडी केली तर न्यू नॉर्सिया लागतं, ते अख्खं गाव संन्याशांच्या मठाचं आहे, आणि तिथला भट्टीतला पाव हातात आला की मला आमच्या वसईतल्या नंदाखालची आठवण होते. दोनच ओळी. पण त्यावर इतकी पत्रं आली, की संपादकांचा निरोप आला, 'मावशी, या वेळी दुसरं काही घेऊ नका.'

नव्या वाचकांसाठी सांगते. मी मूळची वसईची, पेशानं नर्स. १९९८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मूरा गावी आले. पुढच्याच वर्षी मूर नदीला पूर आला, सगळं गाव हलवावं लागलं आणि मी सुटकेस पुन्हा भरली. पण राहिले. ही मूर नदी न्यू नॉर्सियावरूनच वाहते, म्हणजे तशी आमची नदी एकच. आता पत्रं.

'मुलगी पर्थला शिकते. डिसेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. तिला एकच दिवस मोकळा आहे. हे मठाचं गाव म्हणजे आळंदीसारखं काही आहे का? एका दिवसात काय पाहावं?' (एक वाचक, कोथरूड)

आळंदीसारखं नाही. आळंदीत देऊळ देवस्थानचं असलं, तरी घरंदारं, दुकानं ज्याची त्याची. इथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे दिसतं, चर्च, पिठाची जुनी गिरणी, शाळांच्या दुमजली इमारती, ऑलिव्हची झाडं, ते सारं मठाचं. न्यू नॉर्सियात घर विकत घ्यायला गेलात तर मिळणार नाही. ऑस्ट्रेलियात असं गाव हे एकच. वस्ती जेमतेम शंभराच्या घरात, आणि ज्यांचं गाव ते संन्यासी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सत्तरच्या वर होते.

पर्थपासून १३२ किलोमीटर, उत्तरेला. हा मुलूख नूंगर या इथल्या मूळ आदिवासी लोकांचा, त्यांतल्या युएड शाखेचा. १८४६ साली रोझेंडो साल्वादो आणि जोसेफ सेरा हे दोन स्पॅनिश बेनेडिक्टाइन संन्यासी इथं आले, आणि १ मार्च १८४७ रोजी आजच्या जागी मठाचा पाया घातला गेला. संत बेनेडिक्ट इटलीतल्या नॉर्सियाचे, म्हणून हे न्यू नॉर्सिया. १ मार्च हा साल्वादोंचा वाढदिवसही होता. त्या दिवशी ते तेहतीस वर्षांचे झाले.

या माणसाची एक गोष्ट ऐकल्याशिवाय गावात पाऊल टाकू नका. पहिल्याच वर्षी मिशनचा शिधा संपला. साल्वादो पर्थपर्यंत पायी गेले. तिथं पोचले तेव्हा झगा गुडघ्यापर्यंत फाटलेला, विजार ठिगळांची, बुटांचे तळ गेलेले. पैसे मागायचे कुणाकडे? पण हा माणूस पियानो आणि ऑर्गन वाजवण्यात तयार. २१ मे १८४६ रोजी पर्थच्या न्यायालयाच्या इमारतीत त्यांनी एकट्यानं मैफल केली. पियानो सिस्टर लोकांनी दिला, मेणबत्त्यांची झुंबरं अँग्लिकन चर्चमधून आली, म्हणजे ज्यांच्याशी कॅथलिकांचं तेव्हा फारसं सख्य नव्हतं त्यांच्याकडून. साल्वादो त्याच अवतारात पियानोसमोर बसले. कपडे बदलायला दुसरे होतेच कुठं? मला वाटतं, लोकांनी निम्मे पैसे संगीताला दिले असतील आणि निम्मे त्या बुटांना. पर्थमधली ती इमारत अजून उभी आहे. मुलीला आधी ती दाखवायला सांगा, मग गाडी उत्तरेला काढा.

आता दिवसाचं. डिसेंबर म्हणजे इथला कडक उन्हाळा. दुपारी पारा चाळिशी गाठतो, आणि पाऱ्यापेक्षा वाईट म्हणजे माशा. नाकात, डोळ्यांत, बोलायला तोंड उघडलं तर तोंडात. जाळीची टोपी घ्या, फोटो वाईट येतात पण घ्या. सकाळी नऊच्या आत पोचा. आधी चर्चमध्ये जा. भिंती इथल्याच दगडामातीच्या, आत गारवा असतो. मागं वर पाहिलंत तर १९२३ साली जर्मनीहून आणलेला मोठा ऑर्गन दिसेल. साल्वादो १९०० च्या डिसेंबरात रोममध्ये वारले, पण तीन वर्षांनी त्यांचे अवशेष इथं आणले गेले, त्यांची कबर चर्चमध्येच आहे.

'सुमंत्रणेच्या मातेचं', म्हणजे मारियामातेचं, चित्र विसरू नका. गावात सांगतात, की १८४७ च्या उन्हाळ्यात उभ्या पिकाला वणवा लागला, विझेना, तेव्हा साल्वादोंनी हे चित्र आगीसमोर नेऊन धरलं आणि वारा फिरला. माझे यजमान इंजिनियर. ते म्हणतात, डिसेंबरात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतोच, पर्थवाले त्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात, तो जरा लवकर आला इतकंच. मी म्हणते, डॉक्टर वेळेवर येणं हाही चमत्कारच, तीस वर्षं नर्सिंग केलंय मी.

मग वस्तुसंग्रहालय. त्याबद्दल खाली ठाण्याच्या पत्रात लिहिलंय, ते वाचूनच आत जा. संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबलात तर गाडी रात्री चालवू नका, तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात. मठाच्या अतिथीगृहात खोली मिळते, आधी कळवावं लागतं.

'मठात आम्हा हिंदूंना चालतं का? जेवणाचं काय? साडी नेसावी की पँट?' (सौ. वाचक, मिरज)

चालतं. संत बेनेडिक्टची जी नियमावली हे संन्यासी पाळतात तिची त्र्याहत्तर प्रकरणं आहेत, त्यांतलं त्रेपन्नावं पाहुण्यांवर. आलेला पाहुणा ख्रिस्तच समजून घरात घ्यावा, असं त्यात आहे. 'अतिथी देवो भव' म्हणणाऱ्याला आणखी काय सांगायचं. नेसा काहीही, फक्त खांदे झाकलेले असू देत. प्रार्थना दिवसातून सात वेळा होते, पहिली पहाटे उजाडण्याआधी. मागच्या बाकावर गुपचूप बसलं तरी कुणी काही विचारत नाही. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, प्रसादासारखी दिसते ती भाकर मात्र घ्यायला पुढं जाऊ नका, ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते. माझ्या एका सोलापूरच्या मैत्रिणीनं श्रद्धेनं हात पुढं केला होता, नंतर मलाच तिला समजवावं लागलं. शाकाहारी असाल तर अतिथीगृहाला आधी सांगा. पाव, ऑलिव्ह तेल आणि मीठ, इतकं असलं तरी माझं भागतं.

'मी नववीत आहे. न्यू नॉर्सियाची एक क्रिकेट टीम शंभर किलोमीटर चालत मॅच खेळायला जायची असं एका व्हिडिओत बघितलं. खरं आहे का?' (एक विद्यार्थी, सांगली)

खरं आहे, बाळा, आणि शंभर नाही, एकशे तीसच्या आसपास. १८७९ साली ही टीम झाली. खेळाडू सगळे मिशनवरचे नूंगर तरुण. शिकवणारा शेजारच्या वॉलेबिंगचा जमीनदार, हेन्री लेफ्रॉय. इंग्लंडात शिकून आलेला, पुढं तो पश्चिम ऑस्ट्रेलियाचा प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री, झाला. साल्वादोंनी पाठिंबा दिला. स्वतः स्पॅनिश, क्रिकेट त्यांना कितपत कळत असेल कोण जाणे.

सामना पर्थला किंवा फ्रीमँटलला. जायचं पायी, वाटेत झोपायचं, उतरलं की खेळायचं, आणि पुन्हा पायी परत. पर्थच्या क्लबांना त्यांनी असं काही हरवलं, की लोकांनी त्यांना 'इन्व्हिन्सिबल्स' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे अजिंक्य. तू हा शब्द ब्रॅडमनच्या १९४८ च्या टीमसाठी वाचला असशील. ही पोरं त्याच्या एकोणसत्तर वर्षं आधीची. आपल्या मुंबईच्या पारशांची टीम इंग्लंडला गेली १८८६ साली, म्हणजे तिच्याही आधीची.

आता तुझ्या वयाला कदाचित आवडणार नाही असं एक सांगते. मैदानात ज्यांना टाळ्या मिळत होत्या त्यांना, १९०५ चा कायदा आल्यावर, कुठं राहायचं, कुणाशी लग्न करायचं यासाठी सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागू लागली. तुझ्या व्हिडिओत हे होतं का? नसलं तर खाली वाच.

'मी वसईतल्या एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. आपल्याकडे चर्चच्या आवारातली शाळा गाव घडवते. तिथल्या शाळांचं काय झालं? एवढ्या मोठ्या इमारती असून बंद का पडल्या?' (एक वाचक, पापडी)

बाई, तुमच्या पत्राला उत्तर देताना मी जरा सरळ बसले, सवय जात नाही.

तिथं शाळा एक नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. साल्वादोंच्या काळात शाळा होती ती नूंगर मुलांसाठी. वाचन, हिशेब, शेती, मुलींना शिवण, आणि संगीत तर हवंच. त्यातून काय माणसं निघाली याचं एक उदाहरण देते. १८७० च्या दशकात तारयंत्र आलं तेव्हा न्यू नॉर्सियाचं पोस्ट आणि तारखातं सांभाळलं मेरी एलन क्युपर या मिशनवर वाढलेल्या बाईनं. मोर्स शिकून. आपल्याकडे सावित्रीबाईंची शाळा सुरू होऊन पाव शतक झालं होतं, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या रानात एक आदिवासी वंशाची बाई सरकारी तार पाठवत होती. ती तिशीतच, १८७७ साली क्षयानं गेली, पण जाण्याआधी सारा निनाक या मुलीला तिनं काम शिकवून ठेवलं होतं आणि तिनं ते पुढं चालवलं. नर्स म्हणून मला यातलं क्षय हे नाव टोचतं. मिशनवर या रोगानं आणि गोवरानं माणसं पटापट जात. वसाहतींतल्या मुलांच्या शाळा आणि मृत्यू यांवर फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८६० च्या दशकात लिहिलं, तेव्हा तिनं साल्वादोंचा अनुभव त्यात घेतला होता. रानात वाढलेलं पोर एकदम चार भिंतींत कोंडलं की खंगतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

साल्वादोंच्या मागून आले फुल्जेन्सियो तोर्रेस. त्यांच्या वेळी गाडं दुसऱ्या रस्त्याला लागलं. सरकारनं आदिवासींचा कारभार आपल्या हाती घेतला होता, आणि गव्हाच्या पट्ट्यात गोऱ्या कॅथलिक शेतकऱ्यांची वस्ती वाढत होती. त्यांच्या मुलामुलींना शिकवायचं कुठं? तोर्रेसनी दोन निवासी शाळा बांधल्या, मुलींची सेंट गर्ट्रूड्स १९०८ मध्ये, मुलांची सेंट इल्डेफॉन्सस १९१३ मध्ये. तुम्ही फोटो पाहिलात तर चकित व्हाल. मुलांच्या शाळेला मनोरे असे, की मला पहिल्यांदा वाटलं ही मशीदच. सेंट गर्ट्रूड्सच्या प्रार्थनागृहात लेस्मेस लोपेस नावाच्या संन्याशानं भिंतीभर चित्रं रंगवली आहेत. दगडात कोरल्यासारखी दिसतात, हात लावला की कळतं सपाट भिंत आहे. मुलींना सेंट जोसेफच्या सिस्टर शिकवायच्या, मुलांना मारिस्ट ब्रदर. पालक भेटायला आले की उतरायला म्हणून १९२७ साली एक दिमाखदार वसतिगृह बांधलं, तेच पुढं हॉटेल झालं. अशा रानात एवढा मोठा जिना कशाला, असं तिथं कुणालाही वाटतं. तो आईबापांसाठी होता, मुलं दिली तरी मान राहावा म्हणून.

बंद का पडल्या? तुम्हाला माहीत असलेल्याच कारणांनी. डांबरी रस्ते झाले, शाळेच्या बस आल्या, मूरासारख्या गावांत सरकारी हायस्कुलं झाली. शेतं मोठी झाली आणि शेतकरी कमी, म्हणजे पोरंही कमी. ब्रदर आणि सिस्टर घटल्या, तशी त्यांच्या जागी पगारी शिक्षक घेणं आलं. आधी मुलामुलींच्या शाळा एकत्र केल्या, आणि १९९१ साली तीही बंद. आता त्या इमारतींत शहरातल्या शाळांची शिबिरं भरतात. आठवडाभर कलकलाट, मग महिनाभर काही नाही.

मी एकदा ऑगस्टमध्ये, रानफुलांच्या दिवसांत, त्या बंद वर्गांच्या व्हरांड्यात उभी होते. भिंतीवर पोरांच्या उंचीला कोट अडकवायच्या खुंट्या, ओळीनं. एका खुंटीवर कुणाची तरी टोपी होती, शिबिराला आलेल्या पोराची राहिलेली असणार. बाई, तुमचीही कपाटं अशी राहिलेल्या डब्यांनी भरलेली असतील.

पण या दोन शाळा चालू होत्या त्याच काळात समोर आणखी दोन होत्या. त्यांचं उत्तर पुढच्या पत्रात.

'तुम्ही पावाचं कौतुक केलंत. ऑस्ट्रेलियाच्या चौकशी आयोगानं या मठाबद्दल काय म्हटलं ते मी वाचलं आहे. मुलांवर अत्याचार झाले त्या जागी पर्यटनाला जाणं मला पटत नाही. तुम्हाला कसं पटतं?' (एक निवृत्त वाचक, ठाणे)

साहेब, पावाच्या दोन ओळी लिहिताना हे मी वगळलं, ते बरोबर नव्हतं. म्हणून आता सविस्तर लिहिते.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी : मुलांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करायला ऑस्ट्रेलियात शाही आयोग नेमला होता, त्याचं काम २०१३ ते २०१७ चाललं. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅथलिक संस्थांचे आकडे बाहेर आले. १९५० ते २०१० या काळात धर्मगुरूंपैकी किती जणांवर असे आरोप झाले याचं प्रमाण त्यात होतं. ज्या धर्मगुरू-संघांचा हिशेब मांडला त्यांत न्यू नॉर्सियाचा मठ सगळ्यांत वर होता, २१.५ टक्के. मठानं माफी मागितली आहे. मी कॅथलिक आहे. त्या रविवारी मिस्साला गेले, पण तोंडातून शब्द फुटेना.

आणि त्याच्याही आधीचं एक आहे. १९०५ च्या कायद्यानं आदिवासी मुलांचं पालकत्व आईबापांकडून काढून सरकारच्या 'मुख्य संरक्षका'कडे दिलं. शब्द बघा, संरक्षक. मुलं घरांतून उचलायची आणि संस्थांत ठेवायची. न्यू नॉर्सियात मुलांसाठी सेंट मेरीज आणि मुलींसाठी सेंट जोसेफ्स हे अनाथाश्रम होते. अनाथ कसले, बहुतेकांचे आईबाप हयात होते. काही तर त्याच मुलखात राहत होते. हे आश्रम १९७० च्या दशकात बंद झाले. म्हणजे रस्त्याच्या एका अंगाला फी भरून आलेली मुलं लॅटिन आणि पियानो शिकत होती, आणि पलीकडे ही मुलं. गाव एक, घंटा एक. या मुलांच्या पिढ्यांना देशभर 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात, २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत त्यांची माफी मागितली.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. मूराला नोकरीच्या पहिल्या वर्षांत वॉर्डात एक नूंगर आजी होत्या. मी चादर बदलायला गेले तर त्यांनी माझ्या हातातून चादर काढून घेतली. पलंगाच्या कडेला बसल्या आणि ती अशी घडी घातली, की मी ट्रेनिंगमध्ये मॅट्रनच्या हाताची पाहिली तशी. कोपरे जुळवून, तळहातानं दाबून, एकही सुरकुती नाही. 'कुठं शिकलात?' मी कौतुकानं विचारलं. 'सेंट जोसेफ्स,' एवढंच म्हणाल्या, आणि दुसरी चादर मागितली. मला वाटलं कुठली तरी चांगली शाळा असेल. सहकारी नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा मी जे हसू चेहऱ्यावर ठेवून उभी होते ते कुठं ठेवू ते कळेना.

तर तुमचा प्रश्न, कसं पटतं. मी वसईची. आमच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्या मठांच्या पडक्या भिंती आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ते मठ संपले. तिथं लोक फोटो काढतात, लग्नाआधीचे सुद्धा, आणि त्या भिंतींना जाब विचारायला कुणी नाही. न्यू नॉर्सियाचा मठ अजून चालू आहे. तिथं दार वाजवलं तर कुणीतरी उघडतं. मला ते महत्त्वाचं वाटतं. त्या आश्रमांत वाढलेली माणसंही अजून तिथं येतात. काही भेटायला, काही भांडायला, काही नुसतीच दफनभूमीत बसायला, कारण त्यांची माणसं तिथं आहेत. त्यांना जागा टाळायची सोय नाही, मग मी कशी टाळू?

तुम्ही जाऊ नका म्हणालात तर मी वाद घालणार नाही. पण जे जातील त्यांना एक सांगते. जिथं तिकीट काढून चित्रं बघायला आत शिरता ती वस्तुसंग्रहालयाची इमारत म्हणजेच मुलींचं सेंट जोसेफ्स. स्पॅनिश, इटालियन जुन्या चित्रांचा संग्रह आहे. १९८६ साली चोरांनी सव्वीस चित्रं चौकटींतून कापून नेली होती, एक सोडून बाकीची परत मिळाली. गाइड ही चोरीची गोष्ट रंगवून सांगतात आणि लोक रमतात. तुम्ही चित्रांवरून नजर काढून खोल्याही बघा. इथं झोपायच्या त्या.

कोनाची आणि दिरिमेरा ही दोन नावंही लक्षात ठेवा. साल्वादो १८४९ साली या दोन नूंगर मुलांना संन्यासी करायला युरोपला घेऊन गेले. पोपनं स्वतः त्यांना झगे दिले, नेपल्सजवळच्या मठात ते शिकले. कोनाची १८५३ मध्ये रोमला वारला, तिथंच पुरला. दिरिमेरा आजारी होऊन परत आला आणि दोन वर्षांत गेला. साल्वादोंचं या मुलांवर प्रेम होतं, यात मला शंका नाही. ते त्यांची भाषा शिकले, त्यांच्याबद्दल पुस्तक लिहिलं. तरी मुलं गेलीच. प्रेम करणाऱ्याच्याच हातून हे झालं, याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

'न्यू नॉर्सिया हे नाव मी चंद्रयानाच्या बातमीत वाचलं होतं. तेच हे गाव का?' (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

तेच. गावापासून थोड्या किलोमीटरवर युरोपियन अंतराळ संस्थेची पस्तीस मीटर व्यासाची डिश आहे, २००३ पासून. इतक्या आडरानात कारण तिथं मोबाईल टॉवरचा, शहराचा गोंधळ नाही. संन्याशांना जी शांतता हवी होती तीच यंत्रांनाही हवी होती. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर उतरत होता तेव्हा इस्रोच्या स्वतःच्या केंद्राला आधार म्हणून ही डिश त्याच्यावर रोखलेली होती. आत सोडत नाहीत, रस्त्यावरून लांबून दिसते.

त्या दिवशी भारतात संध्याकाळचे सहा वाजून गेले होते, आमच्याकडे रात्रीचे साडेआठ. यजमान आणि मी मूरात मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून बसलो होतो. आकडे खाली खाली येत होते. मला मध्येच वाटलं, मठात आता रात्रीची शेवटची प्रार्थना आटोपली असेल आणि मौन सुरू झालं असेल, तिथं कुणालाच माहीत नसेल. उतरला, तेव्हा यजमान एवढ्या जोरात ओरडले, की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला आणि बरणी पडली.